अडुसष्ट किलो

१

वजन माहीत नसलेल्या वस्तूला दोर लावायचा नाही, हा नियम मिस्त्रींनी पस्तीस वर्षं पाळला. लिफ्ट बसवणं आणि बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण नियम काही निवृत्त झाला नव्हता. त्यामुळे घराला लागून असलेल्या गॅरेजात जीपचा टप, म्हणजे तिचं वरचं फायबरचं छत, उचलायची सोय करताना त्यांनी दोराआधी काटा विकत आणला. गोल तबकडीचा, दोनशे किलोपर्यंतचा, लांबून वाचता येईल असा.

सोय तशी साधी होती. वरच्या स्लॅबला चार हुक, चार हुकांना चार घिरण्या. चार तारेचे दोर टपाच्या चार कोपऱ्यांतून निघून घिरण्यांवरून भिंतीकडे जायचे आणि तिथे एका लोखंडी पट्टीत एकत्र यायचे. पट्टीच्या खाली काटा, काट्याच्या खाली आणखी एक दोर, आणि तो दोर कमरेएवढ्या उंचीवर भिंतीत बसवलेल्या विंचवर गुंडाळलेला. हँडल फिरवलं की टप जीपवरून सुटून सरळ वर जायचा आणि काटा भिंतीवरून खाली यायचा. विंचला दातेरी चाक आणि त्यात बसणारा खटका. वर नेताना खटका कटकट वाजत राहायचा, आणि हात सोडला तरी टप जागेवरून हलत नसे.

सोमवारी दुपारी मिस्त्रींनी पहिल्यांदा हँडल फिरवलं. बायको दारात सुपारी फोडल्यासारखा चेहरा करून उभी होती.

"झाला का तुमचा झोपाळा?"

"झोपाळा काय म्हणतेस! चार माणसांचं काम एक माणूस करतो यानं."

"चार माणसं बोलावली असती तर एका तासात झालं असतं. तुम्ही पंधरा दिवस लावलेत."

"घाईचं काम नाही हे."

"हो का? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं माझी आई तुम्हाला बघून म्हणाली होती. आता म्हातारपणी सुचलंय संथपण."

मिस्त्री हसले नाहीत. ते फेरे मोजत होते. चौतिसाव्या फेऱ्याला टप स्लॅबखाली वीतभर अंतरावर येऊन थांबला. काटा आता त्यांच्या छातीसमोर होता. सत्तावन्न किलो. त्यांनी खडूनं भिंतीवर लिहून ठेवलं: फेरे चौतीस, वजन सत्तावन्न.

२

जीप मिस्त्रींची नव्हती. म्हणजे एकवीस वर्षं त्यांच्या गॅरेजात होती, पण होती भोंग्याची.

भोंगा हा त्यांचा जोडीदार. लिफ्टचं काम एकट्यानं होत नाही. एक माणूस वर मशीनच्या खोलीत, दुसरा खाली लिफ्टच्या उभ्या बोगद्यात, तिच्या डोक्यावर उभा राहून रुळांना तेल देणार. भोंग्याचा आवाज असा की सातव्या मजल्यावरून ओरडला तर खालचा वॉचमन उठून उभा राहायचा. म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणायचे. खुद्द त्याची बायकोही.

भंगारात निघालेली जीप त्यानं सुट्टीच्या दिवसांत उभी केली, तिला फायबरचा टप बसवला, आणि हवा चांगली असली की टप काढून मुलीला फिरवून आणायचा. टप काढायला मिस्त्री आणि शेजारचे दोघे लागायचे. मग भोंगा गेला. त्याची बायको म्हणाली, "भावजी, तुम्हीच ठेवा ती. माझ्या दारात गंजलेली बघवणार नाही." मिस्त्रींनी ठेवली. दर महिन्याला इंजीन चालू करायचे, चाकांत हवा भरायचे. टप मात्र त्यांनी कधी काढला नाही.

मुलीचं नाव छोटी. छोटी आता तिशीची, मिस्त्रींपेक्षा वीतभर उंच, आणि शाळेत गणित शिकवायची. बाप गेल्यावर तिच्या शाळेच्या प्रत्येक निकालाला, तिच्या लग्नात, आणि गेल्या वर्षी तिची आई गेली तेव्हाही, मिस्त्री उभे होते. स्वतःला मूलबाळ नव्हतं. तिच्या तोंडून "काका" ऐकलं की त्यांचा दिवस बरा जायचा. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती, आणि सांगायची गरजही नव्हती.

पंधरा दिवसांपूर्वी तिचा फोन आला. "काका, जीप मी घेऊन जाऊ? चालेल ना? मला एकदा बाबांसारखी टप काढून चालवायचीय."

"तुझीच आहे ती. ये की."

"तीन आठवड्यांनी, रविवारी येते. आणि एक विचारायचंय. फोनवर नको, समोर बसून."

मिस्त्री "बरं" म्हणाले. बोलणं संपल्यावरही बराच वेळ त्यांनी फोन हातातच धरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ते हुक आणायला बाहेर पडले.

३

बुधवारी सकाळी ते गॅरेजात गेले तेव्हा विंचच्या हँडलला एक पाटी लटकत होती.

तळहाताएवढी पत्र्याची पाटी, वर भोक, भोकात तार. पिवळ्या रंगावर काळी अक्षरं: माणूस आत आहे. रंग जागोजागी उडालेला. मिस्त्रींनी पाटी उलटी केली नाही. मागच्या बाजूला खिळ्यानं कोरलेलं भोंग्याचं चित्र होतं, हे त्यांना न बघताही माहीत होतं.

"अगं, ही पाटी कोणी लावली?"

"मी!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "काल तुमची पेटी आवरली. तळाला चिंध्यांखाली होती. तुम्हीच ना म्हणायचा, पाटी लावल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही म्हणून? म्हटलं, नवऱ्याचा नियम आपणच पाळावा."

"पेटीला हात कशाला लावायचा?"

बायको हात पुसत दारात आली. नवऱ्याचा असा आवाज तिला नवा होता. "एवढं काय झालं? पाटीच आहे."

पाटीच होती. लिफ्टच्या धंद्यात प्रत्येकाची स्वतःची पाटी असते. बोगद्यात उतरणारा माणूस ती मुख्य बटणाला लावून मग उतरतो, आणि वर आल्यावर स्वतःच्या हातानं काढतो. ज्यानं लावली त्यानंच काढायची. साहेब आला, मालक आला, जग इकडचं तिकडं झालं, तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

मिस्त्रींनी पाटी काढली. एका झटक्यात, अंगावरचा किडा झटकावा तशी. पेटीच्या तळाशी पुन्हा चिंध्यांखाली ठेवली आणि पेटीला कुलूप लावलं.

४

त्याच दुपारी त्यांनी टप पुन्हा वर घेतला. रविवारी छोटीसमोर फजिती नको, म्हणून रोज एकदा वर-खाली करून बघायचं त्यांनी ठरवलं होतं. सोमवारी चौतीस फेरे झाले होते. मंगळवारी चौतीस. आज एकतिसाव्या फेऱ्याला हँडल अडलं.

त्यांनी वर पाहिलं. टप आणि स्लॅब यांच्यात नेहमीपेक्षा जास्त जागा होती. कुठे काही अडकलेलं दिसत नव्हतं. घिरण्या मोकळ्या होत्या. दोर घिरणीवरून उतरलेला नव्हता. त्यांनी जरा जोर लावला. हँडल हललं नाही, पण वरून एक बारीक आवाज आला. फायबर दाबल्यावर येतो तसा.

मग त्यांची नजर काट्यावर गेली. एकशे पंचवीस.

दोर अडल्यावर ताण वाढतो आणि काटा जास्त दाखवतो, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मिस्त्रींनी दोन फेरे खाली सोडले. आता टप कशालाच टेकलेला नव्हता, मोकळा लोंबकळत होता. काटा हलून स्थिर झाला. एकशे पंचवीस.

त्यांनी टप सावकाश जीपवर उतरवला. हँडल धरताना दंड भरून आला. मग पहिल्यापासून पुन्हा वर घेतला. चौतीस फेरे, सत्तावन्न किलो.

"स्प्रिंग अडकली असेल," ते मोठ्यानं म्हणाले. गॅरेजात दुसरं कोणी नव्हतं.

५

स्प्रिंग अडकली नव्हती. गुरुवारी त्यांनी पन्नास किलोची सिमेंटची गोणी काट्याला टांगली. काट्यानं पन्नास दाखवले. दोन गोण्या टांगल्या, शंभर. त्यांनी हे पाच वेळा केलं आणि पाचही वेळा काटा खरं बोलला. मग टप वर घेऊन तसाच ठेवला आणि आत जाऊन चहा प्यायले. परत आले तेव्हा टप होता तिथेच होता, हँडलला कोणी हात लावला नव्हता, आणि काटा एकशे पंचवीसवर होता.

एकशे पंचवीसातून सत्तावन्न गेले की अडुसष्ट उरतात.

हा आकडा त्यांना पाठ होता. नवी लिफ्ट बसवली की तिच्यात ठरलेलं वजन ठेवून चाचणी घेतात. वजनाच्या लाद्या कमी पडल्या की भोंगा आत जाऊन उभा राहायचा. "लिहा साहेब, अडुसष्ट किलो. काल जेवलो नाही, तर सदुसष्ट." दर वेळी तोच विनोद. दर वेळी साहेब हसायचे. पंधरा वर्षांत त्याचं वजन ना वाढलं ना कमी झालं.

चोराच्या मनात चांदणं, असं मिस्त्रींनी स्वतःला बजावलं. आणि चोरी काय होती तेही त्यांना नीट आठवत होतं. विसरायचा प्रयत्न केला असता तर बरं झालं असतं, पण तोही त्यांनी केला नव्हता.

जेवायची वेळ टळून गेली होती. भोंगा लिफ्टच्या डोक्यावर, सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्याच्या जवळ. मिस्त्री वर मशीनच्या खोलीत. भोंग्याची पाटी मुख्य बटणाला. पाटी असताना वीज बंद ठेवायची आणि लिफ्ट हातानं चाक फिरवून हलवायची, बोट बोट. बोगद्यातला माणूस पान्यानं रुळावर ठोकून सांगतो. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली. दोन ऐकल्यावर एक श्वास थांबायचं, कारण तिसरा येऊ शकतो.

मिस्त्रींना भूक लागली होती. चाक फिरवून हात दुखत होते. भोंग्याचं काम संपतच आलं होतं. त्यांनी त्याची पाटी काढली, वीज चालू केली, आणि दोन ठोके ऐकल्यावर वर जायचं बटण दाबलं. तिसरा ठोका ऐकू आला तेव्हा लिफ्ट हलली होती. भोंग्याच्या डोक्यावर छतापर्यंत वीतभर जागा होती.

चाक असतं तर बोटभर चुकलं असतं. भोंग्यानं एक ठोका देऊन शिवी हासडली असती आणि दोघं जेवायला गेले असते.

चौकशीचे लोक आले तेव्हा पाटी मिस्त्रींच्या खिशात होती. "पाटी नव्हती," ते म्हणाले. कागदावर तसंच आलं: मयत कामगार सूचनेची पाटी न लावता बोगद्यात उतरला. भोंग्याची बायको मरेपर्यंत म्हणत राहिली, "निष्काळजी मेला. पोरीचा तरी विचार करायचा." आणि छोटी ते ऐकत मोठी झाली.

६

शुक्रवारी मिस्त्रींनी टपाच्या वर बघायचं ठरवलं. टप स्लॅबखाली, मध्ये वीतभर फट. त्या फटीत डोकं जात नाही. पण लिफ्टवाल्याकडे लांब दांड्याचा छोटा आरसा असतोच. शिडी लावून त्यांनी एका हातानं आरसा फटीत सरकवला, दुसऱ्या हातानं टॉर्च धरला.

आरशात धूळ दिसली. टप त्यांनी खालून, बाजूनं धुतला होता. वरून पुसायचा राहिला होता. वर्षानुवर्षांची राखाडी धूळ एकसारखी पसरलेली. त्यांना बरं वाटलं. कोणी मांजर, घूस असती तर पावलं दिसली असती.

त्यांनी आरसा मागच्या कोपऱ्याकडे फिरवला. तिथे धूळ नव्हती. ताटाएवढी जागा स्वच्छ होती. तिच्या पुढे गुडघे टेकल्यासारखे दोन गोल. आणि कडेला, टपाच्या काठावर, चार बोटांच्या रेघा. धरून बसलेला माणूस जरा सरकला की उमटतात तशा.

मिस्त्रींनी आरसा बाहेर काढला, शिडीवरून उतरले, शिडी घडी करून भिंतीला लावली. सगळं नीट, क्रमानं. खूप घाबरलेला माणूस सामान फेकून पळतो असं लोक समजतात. मिस्त्रींनी तर टॉर्चमधले सेलसुद्धा काढून ठेवले.

वीतभर फटीत माणूस बसू शकत नाही. हे त्यांना गणितासारखं माहीत होतं. एकवीस वर्षांपूर्वीही माहीत होतं.

७

शनिवारी सकाळी ते स्वयंपाकघरात भाजी चिरत बसले होते. गॅरेजात जायचं टाळलं की माणूस भाजीसुद्धा चिरतो. बायको गॅसपाशी उभी होती.

"अहो, गॅरेजात कोण ठोकतंय?"

मिस्त्रींची सुरी थांबली.

"ऐका. आत्ता थांबलं." तिनं मान वाकडी केली. "लोखंडावर ठोकल्यासारखं."

"उन्हानं पत्रा तापला असेल."

"आपल्या गॅरेजला पत्रा कुठंय? स्लॅब आहे."

"मग टप तापला असेल. फायबर तापलं की वाजतं."

"सावलीत?"

मिस्त्रींनी सुरी ठेवली. "किती ठोके होते?"

"मी काय मोजत बसले होते?" मग तिनं आठवून सांगितलं, "दोन. आणि जरा थांबून एक."

ते गॅरेजात गेले. टप वर, जीप खाली, हँडल जागेवर. काटा एकशे पंचवीस. बोगद्यात लिफ्ट हलवण्याआधी तीनदा हाक द्यायची असते. मिस्त्रींनी दिली.

"आत कोण?"

"आत कोण?"

तिसरी हाक त्यांनी दिलीच नाही. उत्तर आलं तर काय, हा प्रश्न त्यांनी आधी स्वतःला विचारायला हवा होता.

त्यांनी हँडलला लटकून, घामाघूम होत टप जीपवर उतरवला. टप बसला आणि जीप मागच्या बाजूला चांगली चार बोटं खाली दबली. ते पाठमोरे उभे राहिले आणि शंभरपर्यंत मोजलं. वळून पाहिलं तेव्हा जीप सरळ होती.

मग त्यांच्या मनात आलं की उद्या छोटीला सगळं सांगून टाकावं. पाटी काढून तिच्या हातात द्यावी. त्यांनी पेटीचं कुलूप उघडलंसुद्धा. पण मग छोटी काय म्हणेल ते नाही, तर काय म्हणणार नाही ते त्यांना ऐकू आलं. ती "काका" म्हणणार नाही. त्यांनी पुन्हा कुलूप लावलं.

८

रविवारी छोटी आली, सकाळी दहाला, एकटीच. काकूच्या गळ्यात पडली, चहा घेतला, गॅरेजात आली आणि त्या घिरण्या, दोर, काटा बघून लहान मुलीसारखी टाळी वाजवली.

"काका, केवढा उपद्व्याप केलात! बाबा असते तर म्हणाले असते, मच्छर मारायला तोफ."

"भोंगा तसंच म्हणाला असता."

"हँडल मी फिरवणार."

त्यांनी नको म्हणायला हवं होतं. पण ती दातेरी चाकावरून बोट फिरवत होती, आणि तिचा चेहरा नेमका बापासारखा झाला होता. शिवाय टपाची मागची रबरी पट्टी चिकटली होती. ती सोडवायला एक माणूस जीपच्या आत हवाच होता.

मिस्त्री मागच्या बाकावर चढून उभे राहिले. डोकं टपाच्या घुमटात, हात काठाला.

"काका, पाटी?" छोटी म्हणाली. "माणूस आत असेल तर पाटी लावायची असते ना? बाबा घरी खेळायचे माझ्याशी. मी पलंगाखाली आणि ते वर. पलंगाच्या पायाला पाटी बांधायला लावायचे मला. आणि चमच्यानं ठोके. एक थांब, दोन वर, तीन खाली. दोन झाले की श्वास रोखायचा. मी घाई केली की आऊट."

"पाटी लिफ्टला असते," मिस्त्री म्हणाले. "इथं कशाला? फिरव तू."

कट, कट, कट. रबरी पट्टी एका बाजूनं सुटली. टप वीतभर वर आला, मग दोन विती. त्यांचे हात कडेला धरून होते.

"पन्नास, छप्पन, सत्तावन्न," ती मान वर करून काटा वाचत होती. "बरोबर?"

"बरोबर." त्यांना खरंच हलकं वाटलं. सगळा आठवडा मूर्खासारखा गेला, असं वाटलं. "आता डावीकडं अडकलंय. खटका उचल आणि हँडल घट्ट धरून अर्धा फेरा खाली सोड. मी पट्टी काढतो."

तिनं एका हातानं खटका उचलला, दुसऱ्या हातानं हँडल पेललं. टप जरासा खाली आला आणि मिस्त्री कडेखालच्या फटीतून डोकं बाहेर काढून, पत्र्यावर वाकून पट्टी सोडवू लागले.

"काका, ते विचारायचं होतं," ती तिथूनच म्हणाली. "आता तुम्ही पळून जाऊ शकत नाही, म्हणून विचारते." ती हसली, पण लगेच थांबली. "बाबा खेळातसुद्धा पाटी विसरायचे नाहीत. मग खऱ्या कामात कसे विसरले? आई म्हणायची निष्काळजी. मला कधी पटलंच नाही. तुम्ही तिथं होतात. त्या दिवशी पाटी होती की नव्हती?"

एकवीस वर्षांचं उत्तर होतं. सवयीचं होतं. आपोआप आलं.

"नव्हती."

९

हँडल छोटीच्या हातात हिसकलं. टप एकदम वीतभर खाली आला आणि तिथं थांबला, कारण तिनं दोन्ही पाय रोवून हँडल छातीशी आवळलं होतं. मिस्त्रींच्या मानेवर मागून टपाची कड टेकली. पुढून, गळ्याखाली, जीपचा पत्रा होता.

"काका! जड झालंय!" तिचा आवाज चिरकला. "काका, एकशे पंचवीस दाखवतोय. कसं काय?"

खटका सोड, असं त्यांना म्हणायचं होतं. बोट काढलं की खटका आपोआप दात्यात बसतो आणि सगळं जागेवर थांबतं. पण मान दाबली गेली होती आणि जे दोन-चार शब्द निघणार होते ते निवडून काढावे लागणार होते. मिस्त्रींनी निवडले, असं म्हणता येणार नाही. ते आले.

"होती. पाटी होती. मी काढली."

छोटीनं हँडल छातीशी आणखी आवळलं.

"भूक लागली होती," मिस्त्री म्हणाले. "दोन ठोके ऐकले. थांबलो नाही. तो तिसरा देत होता. पाटी पेटीत आहे. खिशातून नेली मी, त्यांना नाही म्हणून सांगितलं. तुझ्या आईलाही." घशातून आवाज फाटत येत होता. "त्याची काही चूक नव्हती, छोटे. त्यानं सगळं बरोबर केलं होतं."

टपाच्या कडेखालून त्यांना ती तिरकी दिसत होती. दोन्ही हात कामात, चेहरा पांढरा. ती आधी त्यांच्याकडे बघत होती. मग तिची नजर हळूहळू वर गेली. टपाच्या वर. मागच्या कोपऱ्याकडे. तिथं काय दिसत होतं ते मिस्त्रींना दिसणं शक्य नव्हतं. त्यांना फक्त तिचा चेहरा दिसला. शाळा सुटल्यावर गर्दीत घ्यायला आलेलं माणूस सापडलं की मुलांचा होतो, तसा तो झाला.

"छोटे," ते कसेबसे म्हणाले, "खटका सोड."

तिचं बोट खटक्याखाली होतं. नुसतं काढून घ्यायचं होतं. तिनं काढलं नाही.

डोक्यावर, अगदी डोक्यावर, टपाच्या फायबरवरून आवाज आला.

ठक.

सगळं थांबलं. मिस्त्रींचा श्वास, दोराचं कुरकुरणं. घरातून बायकोची हाक आली, "झालं का रे तुमचं? जेवायला या!"

ठक.

दोन. दोन म्हणजे वर. मिस्त्रींचे डोळे भरून आले. वर घे, पोरी, वर घे, असं त्यांचे ओठ हलत होते. एवढे सोपे दोन ठोके एकवीस वर्षांनी पुन्हा ऐकताना आपण हात जोडू, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

छोटीनं हँडल घट्ट धरलं. वर घेतलं नाही, खाली सोडलं नाही. वरच्या कोपऱ्यावरची नजर न हलवता तिनं श्वास आत घेतला आणि रोखून धरला. तिला अजिबात घाई नव्हती. बापानं तिला तसंच शिकवलं होतं.